कंपनीले समोर बसवा

आम्ही बौद्ध झालो त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. हिंगणघाटपासून पायी दोन तासांवर आमचं गाव. गावच्या विहिरीवर आम्हाला बंदी, म्हणून आमचा सारा मोहल्ला नदीच्या रेतीत झिरा उकरून पाणी प्यायचा. वरच्या अंगाला कापड रंगवायचा कारखाना निघाला अन् झिऱ्याला निळं पाणी लागलं. पोरं ओकू लागली. मी तक्रार पंचांकडे नेली.

आमच्याकडची रीत अशी, की भांडणाऱ्या दोघांनी पंचांपुढे समोरासमोर बसायचं. दुसरा आला नाही तर निवाडा नाही. कारखान्याचा मॅनेजर आला, बिचारा खाली बसलाही.

सरपंचानं विचारलं, "पाणी तुमी सोडता?"

"मी नाही. कंपनी सोडते."

"मंग कंपनीले आणा."

"कंपनी म्हणजे माणूस नाही हो. पण कायदा तिला माणूसच धरतो. ती जमीन घेते, कोर्टात जाते."

"मरते काय?"

"नाही."

"मंग मजा हाय तिची!"

सारे हसले. मला कसलं हसू येतं! "मालक असंल ना कोणी?" मी विचारलं. मॅनेजर म्हणे, भागीदार शेकडो, कोणी मुंबईत, कोणी कलकत्त्यात. त्यांनी ही नदी पाहिलीसुद्धा नाही. म्हणजे निळं पाणी कोणाचंच नाही! मी तीन बुकं शिकलेला, पण हे शहाणपण ऐकून माझं टाळकं फिरलं.

सरपंच म्हणाला, "कंपनी समोर नाई, तं निवाडा नाई. जा बाप्पा."

"जातो. पण कंपनी येईपर्यंत आमाले विहिरीवर भरू द्या. तुमी तं समोरच बसले ना!"

मग सरपंच म्हणे, "माही काई हरकत नाई रे. पण गाव ऐकन काय?" मी पाचही पंचांना एकेक करून विचारलं. दुसरा तेच, पाचवाही तेच. माही नाई, गावाची हाय.

"मंग गावाले आणा! बसवा माह्यासमोर!"

मॅनेजरनं मान खाली घातली. त्याला बरोबर कळलं होतं.

गाव काही आलं नाही. मी घरून दोर-बादली आणली अन् भर उन्हात विहिरीवर चढलो. पंच नुसते पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी जातो तर विहिरीच्या पायऱ्यांवर बोराटीचे काटे टाकलेले. कोणी टाकले, विचारलं. म्हणे, गावानं. काटे मी हातानं ओढून फेकले, हात सोलून निघाले. बायकोला म्हटलं, "पाण्याची गुंडी आण," अन् पाणी भरलं.