देवरे सरांच्या टाकीतली लाल रेघ

फोन देवरे काकूंचा होता. "सर गेले गं," एवढंच म्हणाल्या... आणि सांगायला लाज वाटते, पण मला आधी आठवली ती सरांच्या व्हरांड्यातली काचेची टाकी.

देवरे सर मूळचे नामपूरचे. निवृत्त होईपर्यंत त्यांनी नाशकात भूशास्त्र शिकवलं. आपल्या पायाखाली सगळा काळा पाषाण, समुद्राचे थर दाखवणार कुठून? म्हणून सरांनी माशांच्या जुन्या टाकीतच समुद्र केला! एका बाजूने वाळू आणि गाळ सोडायचा, तांब्याने पाणी वाढवायचं, पुन्हा उतरवायचं. पाणी चढलं की किनारा जमिनीकडे सरकतो आणि वाळूवर चिखल बसतो. उतरलं की उघड्या थरांत ओघळ घुसतात, आधीचं थोडं खरवडून नेतात. त्या खरवडलेल्या जागेवर, काचेवर लाल पेन्सिलने रेघ मारायची. दोन लाल रेघांमधला गठ्ठा म्हणजे एक अनुक्रम. विद्यार्थ्याने रेघ मारल्याशिवाय सर पुढचा तांब्या ओतत नसत.

माझी पहिली रेघ चुकली. जिथे रंग बदलला तिथे मी ती ओढली. "झालं, कपाळ माझं!" सर म्हणाले. "काय आहे ते कुणीही सांगेल गं. इथून काय गेलं, ते सांग."

पुढे मला नोकरी लागली. सर आजारी असतात, हे कानावर होतं. दिवाळीनंतर त्यांचा फोन आला, "पाणी उतरवलंय. येऊन रेघ मारून जा." मी म्हणाले, रविवारी नक्की. असे किती रविवार म्हणाले देव जाणे... माझ्या इंदिरानगरहून सरांचं गंगापूर रोडचं घर, जेमतेम अर्धा तास! माझा मलाच संताप येतो. आता धरणाकडून जाताना पाणी ओसरलेला काठ दिसला की गाडीत मागून आवाज येतो, "काय गेलं इथून?" मी एकटीच असते, तरी मागे वळून बघते.

गेल्या आठवड्यात सरांच्या घरी गेले. टाकी तशीच होती. गाळाला भेगा पडलेल्या, शेजारी तांब्या उपडा, लाल पेन्सिल टोक काढून ठेवलेली. काकू म्हणाल्या, "कितीदा म्हटलं, मी मारते रेघ, तुम्ही ओता पुढचं. तर म्हणे, तिची रेघ आहे, ती येईल. लय वाट पाहिली गं त्यांनी."

मी रेघ मारली. बरोबर जागी, एकदाही न खोडता. पेन्सिल खाली ठेवली आणि सवयीने तशीच उभी राहिले... सर तांब्या उचलतील म्हणून.