विरजणातल्या दांड्या

आख्खा जन्म आमच्या शेणवे गावात काढून माणसाच्या तोंडाकडे कधी नीट न बघितलेला गृहस्थ एकच, आमच्या शेजारचे निवृत्त विज्ञानमास्तर. त्यांचं सगळं लक्ष जंतूंच्या अंगकाठीवर. शाळेनं मोडीत काढलेला सूक्ष्मदर्शक त्यांनी घरी आणला आणि आळीतली एक वस्तू सुटली नाही. आंबलेलं पीठ, खाचरातला चिखल, माझ्या नवऱ्याच्या दातांवरचं किटण, सगळं काचेखाली. पूजेला बोलावलं तर तीर्थ पिण्याऐवजी बाटलीत भरून न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी भटजींनाच अहवाल द्यायचे.

मी भाकऱ्या थापायला बसले की हे दारात हजर. "जंतू मूळचे बहुतेक दांडीसारखे गो. गोल झाले ते मागाहून. लांब वाढायची हत्यारं पिढ्यान्‌पिढ्या हरवत गेली की दांडीचा गोळा होतो. चिकट जागेत पोहायचं तर अंगाला पीळ पडतो. गिळणारा मागं लागला तर एवढं लांब व्हायचं की त्याच्या तोंडात मावायचंच नाय." तोवर माझी भाकरी करपलेली असायची. तिच्यावर मात्र त्यांच्याकडे सिद्धांत नव्हता.

मास्तरीणबाई गेल्या आणि मास्तरांनी एकच व्रत धरलं, बाईंचं विरजण मोडू द्यायचं नाही. कालच्या दह्यातलं चमचाभर आजच्या दुधात, आणि रोज एक थेंब काचेखाली. "हिच्या दांड्या बघ कशा सडपातळ," म्हणायचे. बाई जिवंत असताना त्यांना इतकं निरखलं असतं तर! मला राग यायचा, खरं सांगते. आमच्याकडे विरजण कुणी मागितलं तर नाही म्हणत नाहीत, पण मास्तर कुणाला थेंब देत नसत. दुसऱ्या घरात वळण बिघडतं म्हणे.

यंदा मोतीबिंदूसाठी मुलानं त्यांना कल्याणला नेलं तेव्हा नाइलाजानं भांडं माझ्या हवाली झालं. आठव्या दिवशी आमच्याकडे भात झोडायला माणसं होती, आणि त्या गडबडीत मी ते सगळं दही कढीत घातलं. चमचाभरही उरलं नाही. शेवटी शहापुरातून पिशवीतलं दही आणून त्याचं विरजण लावलं आणि गप्प बसले.

मास्तर आले ते थेट दह्याचा थेंब काचेखाली घेऊन सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले.

"एक दांडी दिसत नाय. सगळे गोळेच," ते म्हणाले. "याला युगं लागतात गो. तू आठ दिवसांत केलंस."

मग मला राहवलं नाही. "मास्तर, बाईंचं दही मी कढीत घातलं. चुकून."

त्यांनी काच पुसली, डबीत ठेवली.

"कढी कशी झालती?"

"माणसांनी परत परत मागून घेतली."

"हिच्या दह्याची तशीच व्हायची," मास्तर म्हणाले. "मला एक वाटी ठेवायची होतीस."