कडू तेच गुणाचं

छत्तीस वर्षं बस डेपोत इंजिनं उघडली, ग्रीसनं कोपरापर्यंत हात बरबटून घेतले, त्या विठोजीला टीचभर ज्यूसरची धास्ती वाटावी? ऐकणारा हसेल. पण वाटत होती खरी. लेकीनं, संयोगितानं, बेळ्ळंदूरच्या फ्लॅटमधल्या ओट्यावर ते यंत्र मांडलं आणि हा गडी पाणी प्यायलासुद्धा स्वयंपाकघरात जाईना.

संयोगिताला पाचवा महिना होता. जावई फिरतीवर असायचा, म्हणून विठोजी तिच्या सोबतीला येऊन राहिला होता. पोरगी हौसेनं लागली होती कामाला. पहिल्या दिवशी गाजर-काकडी, दुसऱ्या दिवशी बीट. बिटानं भिंत रंगवली तेव्हा एकटीच खळखळून हसली. "फळ थोडं, भाजी जास्त, आणि काढला की लगेच प्यायचा. सोप्पं आहे, अप्पा. तुम्ही पण घ्या ना स्वल्प, थोडासा!"

"नको गं बाई," म्हणत विठोजी बाल्कनी गाठायचा. यंत्र घरघरायला लागलं की त्याला बायकोचा आवाज यायचा. अगदी कानाशी. "कडू लागतंय हो."

अनुसूयेला जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हा दोघं श्रीरामपुरातल्या घरी राहायची. बागेत फिरायला येणाऱ्या कुणीतरी सांगितलं, शुगरला दुधीचा रस उत्तम. झालं! जन्मात कधी चहा न केलेला माणूस दुसऱ्या दिवशी पहाटेच ओट्याशी उभा. बायको उठायच्या आत दुधी किसला, मिक्सरमधून काढला, फडक्यातून गाळला. भाजी चिरण्याआधी एक फोड तोंडात टाकून बघायची असते, हे घरातल्या पोरीबाळींनाही ठाऊक. ह्याला कोण सांगणार? पुरुषानं ताटावर बसायचं, एवढंच शिकलेला. त्यानं तिच्यासाठी केलेली ती पहिलीच वस्तू. कौतुकानं ग्लास पुढं केला.

तिनं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "कडू लागतंय हो."

"कडू तेच गुणाचं. पी गप."

आणि ती प्यायली, मुकाट्यानं. नवऱ्याचा शब्द कधी मोडला नव्हता तिनं. दुपारी उलट्या सुरू झाल्या, संध्याकाळी त्यातून रक्त पडलं, तिसऱ्या दिवशी सगळं आटोपलं. डॉक्टरांनी विचारलं होतं, काय खाल्लं होतं यांनी? रसाचं नाव घ्यायची भीती वाटली आणि विठोजीच्या तोंडून निघून गेलं, "पाणीपुरी." लेकीलाही तेच सांगितलं. कडू दुधीत विष असतं, हे त्याला पुढं महिन्याभरानं पेपरात कळलं. तोवर खोटं मुरलं होतं. आता जगात त्याला लेकीशिवाय होतं कोण? खरं बोलावं तर तीही तुटणार. म्हणून तो गप्प बसला, आणि अनुसूया काही गप्प बसेना.

त्या गुरुवारी शेजारची भाग्यलक्ष्मी गच्चीवरच्या वेलाचा दुधी देऊन गेली. औषध न मारलेला, घरचा. विठोजी बाल्कनीत पेपर तोंडासमोर धरून बसला होता. घरघर थांबली. हिरवट ग्लास घेऊन संयोगिता दारात आली.

"जरा कडू निघालाय, अप्पा. असू दे, नाक दाबून पिते."

तिनं ग्लास ओठाला लावला आणि विठोजीनं असा तडाखा दिला की काच फुटून रस लादीभर झाला.

"वेड लागलं का, अप्पा?"

"प्यायलीस? किती प्यायलीस? सांग गं आधी!"

"अहो, नुसती जीभ लावली होती मघाशी! झालंय काय तुम्हाला?"

त्यानं तिला ओढत बेसिनपाशी नेलं, चार-चार चुळा भरायला लावल्या. तिनं नीट श्वास घेतलेला पाहिला आणि तिथंच खाली बसला. मग सगळं सांगितलं. दुधी, फडकं, पाणीपुरीचं खोटं. आई कडू लागतंय म्हणाली होती आणि आपण तिला पी गप म्हणालो, तेही सांगितलं. सांगताना लेकीकडं बघायची छाती झाली नाही त्याची.

संयोगिता भिंतीला टेकून उभी होती.

"तुम्हाला तरी कुठं माहीत होतं, अप्पा. तुम्ही पण प्यायलाच असाल ना तिच्याबरोबर?"

हो म्हणायचं होतं फक्त. एवढ्या एका शब्दावर लेक राहिली असती.

"एक घोट घेतला," तो म्हणाला. "मला नाही गेला. तिचं लक्ष नव्हतं तेव्हा माझा ग्लास मोरीत ओतून दिला."

संयोगितानं पोटावर हात ठेवला.

"उठा, अप्पा," ती म्हणाली. "माझ्यासमोरून जा."