साडूंनी तपासून दिलेली दोन शहरं

आमच्या साडूंनी मला फसवलं. साफ फसवलं, आणि तेही माझ्याच खर्चानं. निपाणीच्या तंबाखूपेठेत रुमालाखाली बोटं दाबून सौदे करण्यात माझा जन्म गेला, भलेभले व्यापारी माझ्या वखारीतून घाम पुसत बाहेर पडले. पण बेळगावजवळच्या शहापुरात मागावर लुगडी विणणारा हा साधा माणूस मला पुरून उरला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे ते यजमान. मी त्यांना आण्णा म्हणतो. त्यांच्याइतका खोडसाळ, चिकित्सक आणि ऐन वेळी आठवणारा माणूस बेळगावपासून निपाणीपर्यंत दुसरा नसेल.

आण्णांना कुठलीही गोष्ट समोरून बघायची सवयच नव्हती. लुगडं हातात घेतलं की ते आधी उलटं करायचे. कुणाची मुलगी बघायला गेले तर बैठकीत टेकायच्या आधी घराला वळसा घालून परसात जायचे. "पुढच्या दारात समदीच रांगोळी काढत्यात, आप्पा. मागच्या दारानं काय टाकत्यात ते बघावं," असं त्यांचं म्हणणं. मी निपाणीत नवं घर बांधलं तेव्हा सगळा गाव सागवानी दरवाज्याला हात लावून बघत होता. आण्णा मागून आत आले, विहिरीपासून चुलीपर्यंत पावलं मोजली आणि चार माणसांत म्हणाले, "माझ्या मेव्हणीला रोज लई चालवणार दिसतोस रं." मी त्यांना त्याच दारानं बाहेर घालवलं. पंधरा दिवसांनी गवंडी बोलावून चूल विहिरीकडे हलवली. हे त्यांना कळवलं नव्हतं, पण बहिणी बहिणींना सगळं कळवतात.

म्हणून दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधी, जेव्हा मुंबईच्या एका पेढीनं आणि पुण्याच्या एका व्यापाऱ्यानं मला भागीदारीला बोलावलं, तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "आण्णास्नी इचारा." पोरांची शाळा, बायकोचा शेजार, घरातलं पाणी, सगळं बघून दोन्हीकडं हंगामाआधी उत्तर द्यायचं होतं. वखार सोडून मला हलता येत नव्हतं. आण्णांना मी दोन्ही शहरं बघायला पाठवलं. आठ दिवस मुंबईच्या चाळीत, आठ दिवस पुण्याच्या वाड्यात, दोन्हीकडं ओळखीच्यांच्या घरी.

परत आले ते थेट माझ्या सोप्यात, पुढच्या ओसरीवर, बसले. समुद्र पाहिला नव्हता, शनिवारवाडा पाहिला नव्हता. चाळीत ते रोज नळाजवळ बसले होते.

"बारा बिऱ्हाडं अन् एक नळ. तोंड फाटंस्तवर भांडत्यात."

"आणि पुण्यात?"

"भांडण न्हाय. दोन बाया तीन वर्सं एकमेकींशी बोलत न्हाईत, अन् ते न बोलणंसुद्धा लई शुद्ध."

शेजार कसा हे कळावं म्हणून त्यांनी दोन्हीकडं पोट दुखल्याचं सोंग केलं होतं. मुंबईत भर दुपारी गॅलरीत विव्हळत पडले. अकरा माणसं धावत आली. कुणी ओवा दिला, कुणी एरंडेल पाजलं, खालच्या मजल्यावरच्या म्हातारीनं बेंबीत हिंग भरला. नाही म्हणायची सोय नव्हती, सोंग उघडं पडलं असतं. मग दोन दिवस खरंच उठता आलं नाही. पुण्यात विव्हळले तेव्हा एक गृहस्थ दार किलकिलं करून आले, कुणाकडचे पाहुणे ते विचारलं, चांगल्या वैद्यांचा पत्ता सांगितला आणि दार लावून घेतलं.

"थोडक्यात सांगतो," आण्णा म्हणाले, "ममईत माणूस औषधानं मरतंय, पुण्यात वाट बघून. तू हितंच ऱ्हा. आन् दोघी बहिणींना कशाला तोडतोस?"

मी दोन्हीकडं नकार कळवला. आज त्या पेढीच्या तीन शाखा आहेत. माझी वखार आहे तिथंच आहे.

पुढच्या वर्षी आण्णांचा मुलगा मुंबईच्या गिरणीत लागला. आण्णांनी माग मोडला, बिऱ्हाड आवरलं आणि निघाले, कुठं तर त्याच चाळीत. मी बेळगावच्या ठेसनावर गेलो ते निरोप द्यायला नव्हे, भांडायला.

"आण्णा, बारा बिऱ्हाडं अन् एक नळ ना?"

"व्हय."

"मग?"

"तुला जमणार न्हाय म्हटलं हुतं, आप्पा. मला न्हाय जमणार, असं म्हटलं का?"

लोंढा जंक्शनकडून गाडी आली आणि ते चढले. माझी बायको आपल्या आक्काचा हात खिडकीतून सोडीना. मी तिथं उभ्या उभ्या कपाळावर हात मारला. गिऱ्हाईक मालाला नावं ठेवतं ते त्याला तो घ्यायचा असतो म्हणून, यावर मी आयुष्यभर पोट भरलं. आणि हा माणूस माझ्या सोप्यात बसून तासभर मुंबईला नावं ठेवत होता, तेव्हा मला ओळखता आलं नाही.

त्यानंतर त्यांची कार्डं येऊ लागली. नळ पहाटे तीनला येतो. वरच्या बिऱ्हाडातली पोरं डोक्यावर नाचतात. शेजारीण रोज चटणी मागते आणि वर तिखट कमी म्हणते. बायको काळजी करायची. मी म्हणायचो, स्वस्थ बस, तुझे आण्णा मजेत आहेत.

परवा नवं कार्ड आलं. "ममई चांगली आहे. शेजार चांगला. पाणी भरपूर. काळजी नसावी." बायको खूश झाली. म्हणाली, "रमले एकदाचे."

मी कार्ड पुन्हा वाचलं. माल नकोसा झाला की गिऱ्हाईक नावं ठेवायचं थांबवतं. "चांगला आहे हो," म्हणतं आणि जोडे शोधायला लागतं. आण्णाही आता जोडे शोधत होते.

मी लगेच उत्तर टाकलं. कुशल विचारलं नाही. लिहिलं, की मला इथं अडकवून माझ्या बायकोची बहीण तुम्ही कुणाला विचारून नेलीत, याचा जाब मला पाहिजे. कार्डावर चालणार नाही. आक्काला घेऊन या, माझ्या सोप्यात बसा आणि तोंडावर सांगा. सांगायला चार महिने लागले तरी चालतील.