वळणावरचा दोर

मार्च महिन्यात आमची पाच जणांची डायव्हिंग टीम मेघालयात पाठवण्यात आली. मी हवालदार होतो, गाव मोडनिंब. टीमचे प्रमुख एक गढवाली सुभेदार होते. आम्ही इंजिनियर रेजिमेंटचे लोक. पुलाचे खांब तपासणे, पुरात बुडालेली गाडी किंवा माणूस काढणे हे आमचे नेहमीचे काम. ते सगळे नदीत चालते.

इथे नदी डोंगरातून बाहेर येत होती. चुनखडीच्या कड्याच्या पायथ्याशी गुहा होती. आत चाळीस पावले चालत गेले की डोह लागायचा. त्यापुढे छत पाण्यात उतरलेले होते. नदी त्या छताखालून यायची. आमच्या पोस्टला आणि खालच्या गावाला त्याच पाण्यावर भागवावे लागे आणि उन्हाळ्यात ते आटत असे. पलीकडे पाण्याचा साठा आहे का, पाइप टाकता येईल का, हे पाहून यायचा हुकूम होता.

पाण्यात उतरणारा माणूस होता नाईक बिरुदेव कोळेकर. त्याचे घर नातेपुत्याच्या पुढे, कालव्याचे पाणी जिथे पोहोचत नाही त्या माळावरच्या वस्तीत. मेंढपाळाचे कुटुंब. तो विहिरीत पोहायला शिकला होता. टीममध्ये मराठी बोलणारे आम्ही दोघेच. तो मला दादा म्हणायचा आणि संधी मिळाली की टोमणा मारायचा.

"दादा, मोडनिंबात तुमी पाणी टँकरमदीच बघितलं आसंल."

"आणि तुमच्या वस्तीवर?"

"आमच्याकडं टँकर बी वाट इचारत येतो की."

पहिल्या दिवशी तो सकाळी दहाला उतरला. काठावर त्याचा दोर धरायचे काम माझे. वीस मिनिटांत तो परत आला. बारा मीटरवर बोगदा डावीकडे वळत होता. वळणाच्या उजव्या अंगाला माणूस सहज जाईल एवढी जागा होती. डाव्या, म्हणजे आतल्या अंगाला छत आणि तळ जवळ आले होते. मध्ये वीतभर सापट.

मास्क काढून तो मला म्हणाला, "दादा, दोर ताणला की त्या सापटीत जाऊन बसतोय. मी उजव्या भिंतीच्या दगडाला येढा देऊन जातो. तुमी ढील गोळा करू नका. येताना मीच गुंडाळत येतो."

"ड्रिल तशी नाही."

"ड्रिल नदीची हाय. हितं नदी डोंगराच्या पोटात हाय."

मी बरं म्हणालो. हे बोलणे मराठीत झाले. सुभेदारसाहेब बाहेर रेडिओवर होते. तिसरे कोणी ते ऐकले असेल, तर त्याला समजले नाही.

दोर धरणाऱ्याची ड्रिल, म्हणजे ठरलेली पद्धत, सोपी असते. एक झटका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे दोर सोड. चार म्हणजे मला बाहेर ओढ. नदीत डायव्हर परत फिरला की दोर सैल पडतो आणि तो लगेच गोळा करायचा असतो. नाहीतर प्रवाह त्याचा फास करतो. अकरा वर्षे मी हेच केले होते आणि नव्या जवानांना हेच शिकवले होते. सैल दोर हातात असणे ही आमच्याकडे दोर धरणाऱ्याची लाज समजली जाते.

दुसऱ्या दिवशी बिरू ९.१० ला उतरला. दोर त्याच्या हार्नेसला बांधलेला. ९.२२ ला चौतीस मीटरवर दोर थांबला. ९.२५ ला एक झटका आला. मी एका झटक्याने उत्तर दिले.

९.२७ ला दोर सैल पडला.

मी तो ओढून घेतला. दोन हात, मग आणखी दोन हात. त्या वेळी मनात काही विचार नव्हता. दोर ताठ झाला तेव्हा मला बरे वाटले, एवढे आठवते.

९.३१ ला चार झटके आले. मी पाय खडकाला लावून पूर्ण ताकदीने ओढले. दोर जागचा हलला नाही. पुन्हा चार झटके आले. मी पुन्हा ओढले.

"क्या हुआ?" सुभेदारसाहेबांनी विचारले.

"रस्सी अटक गई है, साब."

"स्टँडबाय डायव्हर, अंदर."

तो ९.३६ ला उतरला. जाताना मी त्याला सांगितले, दोर धरून जा. सुभेदारसाहेब रेडिओकडे धावले. त्यांचा आवाज गुहेत घुमत होता.

"बेस, फ्रॉम केव्ह. डायव्हर फँस गया है. डॉक्टर भेजो. ओव्हर."

"रॉजर. तीस मिनट. आउट."

स्टँडबाय डायव्हर ९.५० ला वर आला. पाणी पूर्ण गढूळ झाले होते. दोर एका फटीत गेला आहे, तिथून माणूस जाऊ शकत नाही, असे त्याने सांगितले. फटीत हात घातल्यावर पलीकडून त्याचा हात कोणीतरी धरला होता.

तेव्हा मला कालचे बोलणे आठवले. मी ओढलेला दोर दगडावरून सुटून सापटीत बसला होता. मी म्हणालो, "रस्सी छोड. दाहिनी दीवार से जा."

दोर धरून जा म्हटल्यामुळे चौदा मिनिटे वाया गेली होती. १०.१२ ला बिरूला बाहेर आणले. सिलिंडर रिकामा होता. डॉक्टर पोहोचले, पण त्यांना करण्यासारखे काही उरले नव्हते. बिरूचा चाकू म्यानातच होता. त्याने दोर कापला नव्हता; गढूळ पाण्यात बाहेरची वाट दाखवणारा तेवढाच दोर होता. मनगटावरच्या, पाण्यात लिहिता येणाऱ्या स्लेटवर त्याच्या अक्षरात लिहिले होते: ३४ मी. वर हवा. मोठी खोली. पाणी भरपूर. त्याच माहितीवर पुढे पाइप टाकला गेला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्करी चौकशी, तीन आठवड्यांनी बसली. मला विचारले, दोर कसा हाताळला? मी सांगितले, ड्रिलप्रमाणे ताठ ठेवला. पुढचा प्रश्न होता, मृत जवानाने दोराबाबत वेगळी सूचना दिली होती का?

"नाही, सर."

मला भीती वाटली होती. दुसरे कारण नाही. निष्कर्ष असा निघाला की गढूळ पाण्यात डायव्हरची दिशा चुकली आणि तो अरुंद भागात शिरला. कोणाचाही दोष नाही. हाच निष्कर्ष पत्राने त्याच्या घरी कळवला गेला.

निवृत्तीनंतर मी टेंभुर्णीत राहतो. दरवर्षी मार्चमध्ये बिरूच्या वस्तीवर जातो. त्याची पत्नी सविता चहा करते. त्याचे वडील, आबा, मला हवालदार म्हणतात. ते दरवर्षी एकच प्रश्न विचारत.

"सरकारी कागदात लिवलंय, वाट चुकला. धा वर्साचा आसताना त्यो माझ्या आधी मेंढरं घिऊन कोकणातनं माघारी यायचा. हवालदार, तुमी व्हता तितं. खरंच चुकला का?"

"पाणी लई गढूळ होतं, आबा."

हे उत्तर मी सहा वर्षे दिले. वस्तीवरचे लोक आबांना चिडवत, हे मला सविताने सांगितले होते. ज्यांचे आयुष्य कळपामागे चालण्यात जाते, त्यांच्यात वाट चुकणारा म्हणजे बिनकामाचा माणूस.

या वर्षी आबांनी प्रश्न विचारला नाही. चहा झाला, पावसापाण्याचे बोलणे झाले. मग मीच सांगितले. सापट, वेढा दिलेला दगड, त्याने मला सांगितलेले शब्द, मी ओढलेला दोर, चौदा मिनिटे, आणि कोर्टापुढचे माझे उत्तर. क्रमाने सांगितले. सहा-सात मिनिटे लागली.

आबांनी कपबशी बाजूला सारली. मग म्हणाले, "म्हंजी त्यो चुकला न्हाय."

"नाही."

"त्यानं तुला आदी सांगितलं व्हतं."

"व्हय, आबा."

"आन् तू सा वर्सं हितं चा पीत व्हतास."

आबांनी आत हाक मारली. "सविते, भाईर ये. ह्यो काय म्हंतोय ते ऐक." ती दारात येऊन उभी राहिली. आबा मला म्हणाले, "परत सांग. समदं."

मी परत सांगितले. दुसऱ्या वेळी जास्त वेळ लागला. सविताने मध्ये एकदाच विचारले, "हात कुणी धरला व्हता?" मी म्हणालो, बिरूने. त्यानंतर ती आत गेली आणि पुन्हा बाहेर आली नाही.

मी निघताना आबा उठले नाहीत. म्हणाले, "तोंडी नगं. लिवून दे. जितं त्यो कागद हाय तितं बी धाड."

रेजिमेंटला आणि रेकॉर्ड ऑफिसला अर्ज गेले आहेत. चौकशी पुन्हा उघडली तर मी हजर होईन. बिरू मेला त्या दिवशी तो एकतीस वर्षांचा होता. पलीकडची खोली पाहून तो ठरलेल्या दोराने, ठरलेल्या दिशेने परत येत होता. नाईक बिरुदेव कोळेकर वाट चुकला नाही.