सुनंदाबाईंचा थकवा

"जय भीम सर. हे घ्या तुमच्या गोळ्या," म्हणत सुनंदाबाईंनी डबी माझ्या टेबलावर आपटली.

"काऊन?"

"थकून राहिली ना सर. सकाळी उठली का हातपाय गळतात. हे या गोळ्यायनंच होऊन राहिलं. मी आता नाही खात."

मी गोंदिया जिल्ह्यातल्या एका एआरटी सेंटरवर काउन्सेलर आहे. एआरटी म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारं औषध. रोज घ्यायचं, जन्मभर. सोडलं की विषाणू पुन्हा डोकं वर काढतो. आणि काउन्सेलर म्हणजे डॉक्टरांच्या घाईत जे बोलायचं राहतं ते बोलणारा माणूस.

थकव्याचं निदान आमच्याकडे फार स्वस्त. पेशंट म्हणतो गोळीमुळे, घरचे म्हणतात त्या आजारामुळे, डॉक्टर म्हणतात टेन्शनमुळे. मी डॉक्टरांकडे गेलो.

"सर, हिमोग्लोबिन बघू या का?"

"व्हायरल लोड मस्त आहे तिचा. टेन्शन असेल."

व्हायरल लोड म्हणजे रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण. तो मस्त आहे, म्हणजे अगदी कमी आहे; गोळी चोख काम करत होती.

"टेन्शन मलाही आहे सर. मी कुठे गोळ्या परत करतो?"

डॉक्टर हसले नाहीत, पण तपासण्या लिहिल्या. हिमोग्लोबिन इतकं कमी निघालं की बाई चालत आल्या याचंच नवल. इटियाडोह धरणाच्या पाण्यावर त्यांच्या गावात धानाची दोन पिकं निघतात. म्हणजे रोपांची रोवणी दोनदा, चिखलात अनवाणी. तळपायातून जंत शिरतात आणि आतड्यात बसून रक्त पितात. एचआयव्ही बिचारा या भानगडीत नव्हताच. जंताचं औषध आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. एआरटीची डबी मी त्यांच्या पिशवीत परत कोंबली.

काही महिन्यांनी रिपोर्ट आला.

"रक्त भरलं तुमचं," मी ऐटीत सांगितलं.

बाईंचा चेहरा पडला. "कोणाले सांगू नका सर."

"एचआयव्ही लपवता, आता हेही लपवायचं?"

मग त्या बोलल्या. रोवणीत त्या कायम सगळ्या बायांच्या पुढे असत. मागे पडलं तर कोणी विचारेल, हिला काय झालं? म्हणून ताप असला तरी पुढे, पाळी असली तरी पुढे, वर दिवसभर हसणं. झोपही धड नाही. रक्त कमी निघालं तेव्हा ते बायांना सांगून त्या पहिल्यांदा बांधावर बसल्या. बायांनी त्यांना गूळ-शेंगदाणे आणून दिले.

"आता बरी झाली म्हटलं त बसू कशी?"

म्हणजे टेन्शन म्हणणारे डॉक्टर अर्धे बरोबर होते. मला फार वाईट वाटलं, आणि त्यांच्यासमोर ते दिसू नये म्हणून मी उगाच खेकसलो. "लोहाच्या गोळ्या अजून घ्यायच्याच आहेत. रक्त पुन्हा उतरू नये म्हणून डॉक्टरांनी आराम सांगितला, असं सांगा बायांना."

"खरंच सांगितला?"

"सांगतील. थांबा इथंच."

डॉक्टरांनी निमूट केसपेपरवर लिहून दिलं. सुनंदाबाई आता एआरटी घेतात आणि दुपारी बांधावर टेकतात.

जंतांवर औषध आहे. धडधाकट दिसण्याच्या थकव्यावर मात्र चारचौघांत सांगता येईल असा एखादा आजार लागतो.