थोराच्या साबणाचं काय बिघडलं

आमच्या स्ट्रॉन्से बेटावर कुणाचा घरचा साबण बिघडला, की तो फडक्यात बांधून थोरा ड्रेव्हरकडे न्यायचा, असं ठरूनच गेलं होतं. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनीच्या बाकीच्या बेटांवर काय करत असतील ते करोत.

थोरा वडी घेऊन खिडकीशी जायची. नखानं खरवडायची, वास घ्यायची आणि शेवटी जिभेचं टोक लावायची.

"ओट्स भरड राहिलेत गं," ती म्हणायची. "यानं अंग घासायचंय की कढई?"

कुणाच्या वडीवर तेल सुटलेलं असायचं. "घाई केलीस ना? मिश्रणावर चमच्याची रेघ टिकायला लागेपर्यंत ढवळायचं असतं. तुला टीव्ही बघायचा होता." कुणाच्या साबणात ओट्सच्या गुठळ्या असायच्या. "आधी चमचाभर तेलात कालवून घे, मग घाल." वर पांढरी भुकटी धरली असेल तर मात्र ती मनापासून हसायची. "हे काहीच नाही. गार हवेनं होतं. साच्यावर घोंगडी टाकत जा."

बायका जाताना म्हणायच्या, "तोंडाची तिखट आहे, पण सांगते बरोबर."

मी तिची शेजारीण, विल्मा. आमच्या दोघींच्या घरांमध्ये एक दगडी गडगा आणि माझी मेंढरं, एवढंच अंतर. तिची मुलगी सिग्रिड तान्ही असताना किती खाजवायची, ते मी पाहिलंय. कोपरं, गुडघे, कानांमागं सगळं सोलवटलेलं. थोरा तिच्या हातांना मोजे बांधून ठेवायची. मलमं झाली, दुकानातले महागडे साबण झाले. शेवटी थोरानं लापशीचे ओट्स बारीक दळले आणि घरीच साबण करायला घेतला. तिचा नवरा अर्लेंड दारात उभा राहून चिडवायचा, "पोरीला न्हाऊ घालतेस की जेवू घालतेस?" पहिले कितीतरी साबण फुकट गेले. मग एक जमला, आणि सिग्रिडची कातडी हळूहळू निवली. तेव्हापासून बेटावरच्या प्रत्येक बाळाला थोराचाच साबण लागला.

सिग्रिड लग्न करून अ‍ॅबर्डीनला गेली. अर्लेंड एका वसंतात, मेंढ्या वीत असताना, गोठ्यातच छातीत कळ येऊन गेला. थोरा साबण करत राहिली.

मग तिचाच साबण बिघडायला लागला.

पहिल्यांदा वड्या मऊच राहिल्या, लोण्यासारख्या. ती म्हणाली, "तेल बदललंय मेल्यांनी." आम्ही तेल दुसरं आणलं. पुढच्या खेपेला वड्या ठिसूळ, कापायला गेलं की खडूसारख्या तुटायच्या. थोरानं वजनकाटा बदलला. मग गिरणीवाल्याला फैलावर घेऊन ओट्स बदलले. मग म्हणाली, स्वयंपाकघरात ओल आहे. म्हणून आम्ही दोघींनी साबणाचा सगळा संसार मागच्या खोलीत हलवला. तिथंही तेच. एकदा साबण कापला तर त्यात ओट्सच नव्हते.

"घालायचे राहिले वाटतं," मी म्हटलं.

"राहिले नाहीत. मी घातले," ती फटकन म्हणाली. नंतर दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

त्या शरद ऋतूत अ‍ॅनाबेल फ्लेट तिच्याकडे आली. मी तिथंच होते, चहा ओतत. अ‍ॅनाबेलच्या नातवाच्या गालांवर आणि मांड्यांवर लालभडक चट्टे उठले होते, कातडी पोळल्यासारखी झाली होती. दवाखान्यातल्या नर्सनं साबण बंद करायला सांगितलं होतं. अ‍ॅनाबेलनं पिशवीतून अर्धी झिजलेली वडी काढून नुसतीच पुढं केली.

थोरानं वडी घेतली. खिडकीशी नेली, खरवडली, जिभेला लावली आणि तोंड वेडंवाकडं करून बेसिनमध्ये थुंकली.

"कॉस्टिक सोडा! दुप्पट तरी पडलाय," ती संतापून म्हणाली. "कोण ही बया? जिभेला चटका बसतोय नुसता. आणि हे बाळाला लावलं? तिला म्हणावं, तान्ह्या लेकराशी असा खेळ करायचा नसतो."

अ‍ॅनाबेलनं माझ्याकडे पाहिलं. मी किटली खाली ठेवली.

"कुणी केलाय गं हा?" थोरानं पुन्हा विचारलं.

मग तिनं वडी उलटी केली. मागं ओटच्या लोंबीचा ठसा होता. तो लाकडी ठसा अर्लेंडनं कोरून दिला होता, आणि तसा दुसरा बेटावर कुणाकडे नव्हता.

थोरा खुर्चीत बसली. बराच वेळ अंगठ्यानं तो ठसा चोळत राहिली. मग म्हणाली, "बाळ कसंय?"

"बरं होईल," अ‍ॅनाबेल म्हणाली. "खरंच थोरा, बरं होईल. नर्सच म्हणाली." आणि ती रडायला लागली. थोरा रडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला बोलावलं. साहित्य मांडून ठेवलं होतं. "तू इथं बस," ती म्हणाली. "मी करते. मधे बोलू नकोस. फक्त बघ, मी कुठं चुकते."

मी बसले. तिनं हातमोजे घातले, पाणी मोजलं, सोडा तोलला आणि बेताबेतानं पाण्यात सोडला. हात इतका सराईत, की मला वाटलं, उगाच घाबरलो आपण. वाफ निवेपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली. "तुझी काळी मेंढी लंगडतेय बघ," म्हणाली. मग वळली, सोड्याचा डबा उघडला आणि पुन्हा तोलायला लागली.

मी उठून तिचं मनगट धरलं.

"घातला का मी?"

"घातलास."

"नक्की?"

"आत्ताच घातलास, थोरा."

तिनं भांड्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. एकेक करून मोजे काढले. "म्हणजे तेलाचं काही नव्हतं," ती अगदी हळू म्हणाली. "ओलीचं नव्हतं. ओट्सचंही नव्हतं. बिचाऱ्या गिरणीवाल्याला किती बोलले मी." मग डब्याचं झाकण घट्ट लावून तो माझ्या हातात दिला. "हा तुझ्याकडे ठेव. मी मागायला आले तरी देऊ नकोस. मी भांडेन, तरी देऊ नकोस."

ती आली मागायला. भांडलीही. "चोरटी कुठली!" म्हणून गडग्यापलीकडून ओरडली. मी घरात जाऊन दार लावून घेतलं आणि ओट्यापाशी उभी राहून रडले.

डॉक्टरांनी नाव सांगितलं त्या दुखण्याचं. सिग्रिड येऊन आईला मोठ्या बेटावर, कर्कवॉलच्या वृद्धाश्रमात ठेवून गेली. आपल्याकडे न्यायचं तिच्या फार मनात होतं, पण तिसऱ्या मजल्यावरचं घर आणि दोघांच्या नोकऱ्या. बोटीवर चढताना थोरानं मला विचारलं, "तू नाही येत?" मी म्हटलं, "मेंढरं आहेत ना." ती म्हणाली, "हो की. मेंढरं आहेत."

मी जमेल तशी जायचे. सुरुवातीला ती मला ओळखायची, मग मला आपली आई समजायला लागली, मग कुणीच नाही. पण माझा हात हातात घ्यायची, ते शेवटपर्यंत.

ती फेब्रुवारीत गेली. तिला स्ट्रॉन्सेतच, अर्लेंडशेजारी पुरायचं होतं. पण समुद्र खवळलेला, बोटीच्या फेऱ्या बंद. थोरा कर्कवॉलमध्ये पेटीत, सिग्रिड तिच्याजवळ हॉटेलात, आणि इकडे खणलेल्या खड्ड्यात पाणी साचतंय. सिग्रिड रोज फोन करायची. "विल्मामावशी, आज?" मी खिडकीतून लाटा बघायचे आणि म्हणायचे, "आज नाही गं पोरी."

शेवटी वारा पडला. बोट धक्क्याला लागली तेव्हा सगळं बेट तिथं उभं होतं, कडेवरच्या पोरांसकट. कबरीपाशी, पेटी खाली उतरवायच्या दोऱ्यांपैकी एक बायकांनी मला धरायला दिली. हात गारठून गेले होते. दोरी सोडायची वेळ आली तेव्हा बोटं उघडेनात, ती सिग्रिडनं उघडली.